सत्कारानंतरची फुले

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांच्या आयुष्यात पुष्पगुच्छांना तोटा नसतो. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, चर्चासत्र, मराठी भाषा गौरव दिन, निरोप समारंभ असे निमित्त काहीही असो, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ हा त्रिवेणी संगम ठरलेलाच. शाल कपाटात जाते. श्रीफळ आमच्या कोल्हापुरात रविवारच्या पांढऱ्या रश्श्यात उतरते. पुष्पगुच्छ मात्र प्राध्यापक कक्षातल्या कपाटावर किंवा घरातल्या टीव्हीशेजारी, ज्या प्लॅस्टिकच्या कागदात आला त्याच कागदात पडून राहतो. दुसऱ्या दिवशी कागदाला आतून घाम सुटतो, तिसऱ्या दिवशी वास येऊ लागतो आणि चौथ्या दिवशी मावशी तो उचलून नेतात. हा लेख त्या तिसऱ्या वस्तूविषयी आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण आम्ही सारे मराठी शिकवतो आणि फुलाविषयीचे एक जुने विधान आमच्या हातून दरवर्षी तपासले जाते. कविता बालकवींची 'फुलराणी' असो वा रेव्हरंड टिळकांची 'वनवासी फूल', उत्तरपत्रिकेत फुलाचा अर्थ बहुधा एकच येतो: जीवनाची क्षणभंगुरता. वास्तविक 'फुलराणी'त लग्नाचा थाट आहे. तरी विद्यार्थ्याला फूल दिसले की कोमेजणे सुचते, आणि आम्हीही मुकाट्याने गुण देतो. आमचे म्हणणे असे की, निदान भेट म्हणून घरी आलेल्या फुलाबाबत ही क्षणभंगुरता पुष्कळ अंशी आपली निष्काळजी असते. नियतीचा आरोप फुलावर ठेवण्याआधी त्याचा देठ पाहावा.

ही निष्काळजी केवळ आळसातून आलेली नाही. तिला परंपरेचा आधार आहे. आपल्याकडे फूल वेलीवर असते, देवाच्या पायाशी असते, नाहीतर केसांत असते. ज्ञानदेवांच्या अभंगातला मोगरा दारातला आहे. अंबाबाईच्या देवळाबाहेर विकली जाणारी वेणी एका दिवसापुरती असते. आज वाहिलेले फूल उद्या निर्माल्य होणार हे गृहीतच असते. महाद्वार रोडवरच्या फुलवाल्या बायका ओल्या फडक्याखाली फुले ताजी राखतात, पण ती पूजेच्या वेळेपर्यंत. लांब देठाचे फूल कापून चार-आठ दिवस पाण्यात जगवणे हा आपल्या सामान्य घरातला संस्कार नव्हे. 'फुलदाणी' हा शब्दच पाहा. तिच्यातला 'दान' हा पात्रवाचक प्रत्यय फारसी आहे. अत्तरदाणी, पिकदाणी ही तिची भावंडे. पात्र आले, शब्द आला, पण पात्रातले पाणी रोज बदलायचे असते हे ज्ञान सोबत आले नाही.

याउलट, फूल आपल्या हाती येईपर्यंत त्याची किती निगा राखली जाते! शिरोळ तालुक्यातल्या किंवा मावळातल्या तळेगावच्या हरितगृहांत वाढलेला गुलाब ऊन चढण्याआधी कापतात, कापताच त्याला पाण्याच्या बादलीत उभा करतात आणि शीतगृहात नेतात. कामगाराच्या हातापासून फुलवाल्याच्या दुकानापर्यंत ही निगेची साखळी टिकते. ती तुटते ती आपल्या सभागृहात. दोन तासांची भाषणे, डोक्यावर पंखा आणि टेबलावर आडवा पडलेला गुच्छ.

कापलेले फूल मेलेले नसते. ते श्वास घेत असते, पाणी पीत असते. देठातल्या केसाहून बारीक नळ्यांतून पाणी वर चढते. देठ कोरडा राहिला की त्या नळ्यांत हवा शिरते. पाणी शिळे झाले की त्यातले जिवाणू तोंडाशी चिकट थर धरतात. दोन्ही प्रकारांत फूल पाण्यात उभे असून तहानेने मरते. मराठीत 'मान टाकली' म्हटले की सारे संपले. गुलाबाच्या बाबतीत मात्र भाषा घाई करते. मान टाकलेल्या गुलाबाचा देठ पाण्याखाली धरून बोटभर कापावा, फूल कागदात सरळ गुंडाळावे आणि खोल, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवावे. पुष्कळदा ते मान उचलते.

हे आम्हांला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. काही वर्षांपूर्वी आमचे एक ज्येष्ठ सहकारी मे महिन्यात निवृत्त झाले. रिक्षा भरून पुष्पगुच्छ त्यांच्या घरी गेले. चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो, तर घरभर फुले ताजी! काकूंनी सगळे गुच्छ सोडवले होते. तारा, चिकटपट्ट्या, प्लॅस्टिक काढले होते. हिरवा स्पंज बाजूला केला होता. तो एकदा वाळला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारी पाने काढून, त्यांनी फुले तांब्यांत आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत लावली होती. जरबेऱ्याचा लवदार देठ लवकर सडतो म्हणून त्याला चार बोटेच पाणी. निशिगंध खालून वर फुलत जातो म्हणून खालची सुकलेली फुले रोज खुडायची. पाणी रोज बदलायचे, भांडे घासून.

कौतुक केल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "माणसं एवढ्या प्रेमानं घेऊन आली. चार दिवस तरी ठेवायला नकोत?"

आमच्यापैकी एकाने त्याच दिवसांत मिळालेला कार्नेशनचा गुच्छ घरी नेला आणि आंब्याच्या आढीच्या खोलीत, गार जागा म्हणून ठेवला. सकाळी पाकळ्या आत वळून मिटलेल्या. पिकणारे फळ इथिलिन नावाचा वायू सोडते. वनस्पतींवरचा त्याचा परिणाम रशियन शास्त्रज्ञ नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवून दिला. आंबा, केळे ज्याने पिकते त्यानेच कार्नेशन म्हातारे होते. तेव्हा फुलदाणी फळांपासून, उन्हापासून आणि पंख्यापासून दूर हवी. पाण्यात नुसती साखर टाकण्याचा सल्लाही अर्धाच आहे. साखर फुलाला पोसते तशी जिवाणूंनाही पोसते. म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर साखरेसोबत दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे काही थेंब लागतात. तेही जमत नसेल तर रोजचे स्वच्छ पाणी पुरे.

यावर आमचेच मित्र म्हणतील की, एवढा खटाटोप कशाला? 'बुके नको, बुक द्या' ही घोषणा काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. पुस्तकावर आमचे पोट आहे. पण सत्कारात मिळालेल्या पुस्तकांचे काय होते हे आमची कपाटे सांगतील. कितीतरी प्रतींवरचा रंगीत कागदही निघालेला नाही. पुस्तक आपली टाळाटाळ वर्षानुवर्षे सहन करते, म्हणून तिचा डाग दिसत नाही. फूल टाळाटाळ सहन करत नाही. ते आजच्या आज पाणी मागते. भेट बदलल्याने घेणाऱ्याचे लक्ष बदलत नाही, आणि आमच्या मते प्रश्न लक्षाचा आहे. भेट देण्याचे शिष्टाचार आपण निमंत्रणपत्रिकेवर छापतो. ती घेण्याचेही काही शिष्टाचार असतात, त्यांविषयी बोलत नाही.

फुले अमर करावीत असे आम्ही म्हणत नाही. सातव्या-आठव्या दिवशी ती जाणारच, आणि जावीत. गणेशोत्सवात पंचगंगेच्या घाटावर निर्माल्य वेगळे गोळा करण्याची रीत कोल्हापुरात रुजली आहे. तशीच घरातली सुकलेली फुले कुंडीतल्या मातीत जावीत. स्पंज आणि प्लॅस्टिक मात्र त्यांत नको, ते कुजत नाहीत. पाणी देऊन जगवलेले फूल सुकते तेव्हा त्याला निर्माल्य म्हणता येते. कागदात गुदमरलेल्या फुलाला तो शब्द वापरताना आमची जीभ अडखळते. पहिल्याच्या बाबतीत क्षणभंगुरतेविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार असतो. दुसऱ्याच्या बाबतीत आधी क्षमा मागावी लागेल.

पुढच्या निरोप समारंभात आम्ही व्यासपीठामागे पाण्याने भरलेली एक बादली ठेवणार आहोत.