खंबीर मनाचा उपदेश पुरे

चिंताविकार हे शहरी चोचले आहेत, आजोबांच्या पिढीला असलं काही होत नव्हतं, मन खंबीर केलं की सगळं पळतं आणि गोळ्या सुरू केल्या की जन्माची गुलामी, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. आजोबांच्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, छातीतलं दुखणं आणि धाप यांवर डा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्येच लिहून ठेवलंय. लक्षणं चिंताविकारासारखीच, आणि ते सैनिक काही शहरी चोचले करत नव्हते.

खरा संताप येतो तो खंबीरपणाच्या उपदेशाचा, कारण तो दुखणं वाढवतो. पॅनिक अटॅक घ्या. भरल्या लोकलमध्ये एकाची छाती धडधडू लागते, श्वास भराभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या येतात. हा हार्ट अटॅकच, असं त्याला वाटतं. त्या भीतीने धडधड आणखी वाढते आणि वाढलेली धडधड भीतीला पुरावा ठरते. पुढच्या स्टेशनवर तो उतरतो, थोड्या वेळात बरं वाटतं, आणि उतरलो म्हणून वाचलो हे डोक्यात पक्कं बसतं. मग ती गाडी सुटते, नंतर गर्दी, नंतर एकट्याने बाहेर पडणंही. ईसीजी नॉर्मल येतो, घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही, मनावर घेऊ नकोस.’ आता त्याने खंबीर व्हायचं म्हणजे करायचं काय? धडधड दाबायची? नाडीवर बोट ठेवून तो दिवसभर तेच करतोय, आणि जितकं लक्ष ठेवावं तितकी ती जास्त जाणवते. वर हे आपल्याला जमत नाही याची शरम. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारखे विकार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. डॉक्टर कमी आहेत हे खरंच, पण ही शरमही माणसाला दवाखान्याच्या दारातून परत फिरवते. दारूच्या व्यसनालाही लोकांनी असाच निग्रहाचा उतारा सांगितला होता, आणि किती संसार त्या भरवशावर बुडाले.

गोळ्यांबद्दल म्हणाल तर अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, हे मान्यच. पण एसएसआरआय गटातली औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवता येतात. सीबीटी या मानसोपचार पद्धतीत तर धडधड होऊ देत गाडीतच थांबायला शिकवतात, आधी एक स्टेशन, मग दोन, भीती आपोआप ओसरते हे अंगाला कळेपर्यंत. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.