काकांचं 'परत'

दिवाळीत यावलला घरी गेलो होतो. ओट्यावर बसल्या बसल्या काकांनी विचारलं, "मग, परत कधी जातोस जर्मनीला?"

"पुढच्या महिन्यात. पण काका, 'परत' कसं? घर तर इथं आहे ना!"

काका नुसतेच हसले आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेले. परक्या देशात 'परत' जाता येतं का?

येतं. कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवा. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पोलिश कुटुंबं सैबेरियाकडे हद्दपार केली. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे ५००० जण, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. युद्ध संपलं तेव्हा अनेकांची मूळ गावं सोव्हिएत संघात गेली होती. मग कोणी पोलंडला गेलं, कोणी इंग्लंडला, कोणी आणखी कुठे. रिकाम्या छावणीत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले. तेच आजचं गांधीनगर.

त्या छावणीत लहानपण गेलेली काही मंडळी सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापूरला आली होती. सत्तर वर्षं उलटून गेलेली! पासपोर्ट बघितला तर परदेशी पाहुणे, पण आली होती आपल्या लहानपणीच्या गावाला.

अशी बातमी वाचून आपण भारावतो. आणि आपलाच एखादा मित्र ऑनसाइटहून आल्यावर "तिथली आठवण येते यार" म्हणाला, की लगेच "बघा, साहेब झाला!" हा कुठला न्याय?

अर्थात, दोष आपलाही आहे. छावणी तात्पुरतीच होती, हे त्या पोलिश लोकांनाही माहीत होतं. तरी त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं, स्काउटची पथकं चालवली. पुढचं ठरलेलं नाही म्हणून जगणं थांबवून ठेवलं नाही. आणि आम्ही? "दोनच वर्षं तर आहेत!" एका फ्लॅटमध्ये चार मराठी पोरं, एक कुकर आणि दर शनिवारी युरोचे रुपये किती झाले याचा हिशेब. शेजाऱ्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता पाच वर्षांनी जातोय, तर तिथला बसस्टॉप ओळखीचा आहे, माणूस एकही नाही.

माझ्या मते मायदेश की परदेश हा वादच चुकीचा आहे. जिथे आपण नीट राहिलो, तिथेच 'परत' जाता येतं; बाकी ठिकाणी नुसतं पुन्हा जाता येतं.

असो. या वेळीही बॅगेत कळण्याचं पीठ आहेच. पण पहिल्याच आठवड्यात भाषेच्या वर्गात नाव घालायचं आणि शेजारच्या दाराची बेल वाजवायची, हे ठरवलंय.

काकांचा शब्द खरा करायचाय.