सुट्टीतली बायबल शाळा

जर्मनीत उन्हाळ्याची सुट्टी साधारण सहा आठवड्यांची. आमच्या इथल्या चर्चबाहेर ‘किंडरबीबेलवोखे’चं, म्हणजे मुलांच्या बायबल सप्ताहाचं पत्रक लागलं, की मला मे महिन्यातलं अहमदनगर आठवतं. सकाळची बायबल शाळा, पुठ्ठ्याचं नोहाचं तारू, शेवटी मिळणारं सरबत आणि पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) भजनं. पाठ केलेली वचनं बरीचशी विसरलो. पण आपल्या हातातला खाऊ दुसऱ्याला द्यायला तिथंच शिकलो.

यंदा शेजारच्या मराठी वहिनींनी विचारलं, "भाऊ, आमच्या धाकटीला पाठवू का? धर्म बदलायला तर नाही ना लावणार?"

प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, "वहिनी, तिथं येशूच्याच गोष्टी सांगतात, ते लपवायचं कशाला? आधी कार्यक्रम वाचा, एक दिवस सोबत बसा, मग ठरवा." इथल्या १९२१च्या कायद्यानुसार चौदाव्या वर्षापासून मूल आपला धर्म स्वतः ठरवतं, तोवर जबाबदारी आईबापांची.

अशा शाळेचा हेतू पट वाढवणं हा नसावा. परक्या गावात आपल्या लेकराला कुणी नावानं हाक मारली, तरी सुट्टी सत्कारणी लागली म्हणायची.