स्टिअरिंग का रुसतं?

मुलांनो, तुमच्या घरी, शेजारी किंवा मामाकडे एखादी जुनी मारुती ८०० आहे का? १९८३ साली रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली, पण अजूनही कुठे कुठे दिसते. ती चालवणारं माणूस वळणावर कधीतरी म्हणतं, "स्टिअरिंग फार जड झालंय. म्हातारी झाली गाडी!" तुम्ही लगेच मान डोलवू नका हं. नुसत्या वयाने स्टिअरिंग जड होत नाही. त्यामागे काहीतरी कारण असतं.

आधी आतली गंमत पाहू. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरतं. पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि पुढची चाकं वळतात. या गाडीत सगळा जोर हातांचाच! म्हणून थोडं बिघडलं तरी हातांना लगेच कळतं.

पहिला संशय घ्यायचा तो हवेवर. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, जास्त रबर रस्त्याला टेकतं आणि वळवताना घासतं. करून बघा. मित्राला सायकलवर बसवा, सायकल धरून ठेवा आणि त्याला हँडल वळवायला सांगा. मग पुढच्या चाकातली थोडी हवा सोडून पुन्हा वळवायला सांगा. फरक कळला? (आता हवा भरून ठेवा, नाहीतर घरी बोलणी खाल!)

दुसरा संशय सांध्यांवर. आपल्या खांद्यात उखळीचा सांधा असतो ना, तसेच वाटीत गोळा बसवलेले सांधे गाडीच्या पुढच्या चाकांपाशी असतात. आत ग्रीस, वर रबराची टोपी. टोपी फाटली की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं, गंज चढतो. मग सांधा अडखळतो. असा झिजलेला सांधा चालत्या गाडीत निखळला, तर चाक ड्रायव्हरचं ऐकतच नाही! म्हणून "चालतंय तोवर चालू दे" हे इथे चालत नाही. गाडी मेकॅनिककडे न्यायलाच हवी.

तिसरा संशय चाकांच्या कोनांवर. खड्ड्यात आदळून ते बिघडतात. अशा वेळी टायर एकाच कडेने झिजतो, गाडी एका बाजूला ओढते.

काही गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं. त्यातल्या जुन्या प्रकारात इंजिनवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने मदत करतो. तेल गळलं किंवा पंपाचा पट्टा सैल झाला की मदत कमी. आणि इंजिनच बंद केलं तर? मदतही बंद! घाटात उतारावर पेट्रोल वाचवायला कुणी इंजिन बंद करत असेल, तर त्यांना जरूर अडवा. स्टिअरिंग तर जड होतंच, शिवाय ब्रेकही जड होतात.

मग येत्या रविवारी गाडी उभी असताना मोठ्यांबरोबर एवढं बघा: पुढचे टायर बसलेत का? एका कडेने झिजलेत का? खाली तेलाचा डाग आहे का? जे दिसेल ते वहीत लिहा आणि वही मेकॅनिककाकांना दाखवा. त्यांचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल!