बुरशीजन्य नेत्रव्रण : शोथ दाबण्याची घाई नको

डोळा लाल झाला की लाली घालविणे हीच चिकित्सा, हा समज रुग्णांइतकाच काही औषधविक्रेत्यांतही रूढ आहे. दुसरीकडे, रोगप्रतिकारशक्ती वाढविली की कोणताही संसर्ग आटोक्यात येतो, असा समज आपल्या व्यवसायात मूळ धरू लागला आहे. बुरशीजन्य नेत्रव्रणात हे दोन्ही समज रुग्णाच्या दृष्टीवर बेततात.

हा रोग आपल्याकडे मुख्यतः शेतकऱ्यांचा व शेतमजुरांचा. उसाचे पाते, भाताचे कूस किंवा काडी लागून कृष्णमंडलावर (पारपटलावर) ओरखडा उठतो आणि फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशींना आत शिरण्यास वाट मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी किमान १० लाख लोकांना हा विकार होतो.

पारपटल पारदर्शक असते, कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. बुरशीच्या तंतूंच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान हा घटक तेथील रक्षक पेशी ओळखतात आणि पटलाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल या श्वेतपेशी धावून येतात. लांब तंतू गिळता येत नसल्याने त्या दाहक ऑक्सिजनद्रव्ये व प्रथिने विरघळविणारे स्राव सोडतात. त्यांनी बुरशी मरते, पण पटलातील कोलॅजनही विरघळते. व्रण खोल जातो, फूल पडते, प्रसंगी पटलाला छिद्र पडते. मात्र उंदरांवरील प्रयोगांत न्यूट्रोफिलांना तेथे पोहोचू दिले नाही, तेव्हा बुरशी अनिर्बंध वाढली. म्हणजे जो शोथ पटलाचा नाश करतो, तोच त्याचे रक्षणही करतो.

म्हणूनच बुरशीचे निदान होण्यापूर्वी स्टिरॉइडचे थेंब घालणे घातक ठरते. दोन-चार दिवस लाली व ठणका उतरतो, रुग्ण समाधान पावतो आणि आत बुरशी खोल शिरते. प्रतिजैविक व स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली बाटली 'डोळे आल्याचे औषध' म्हणून चिठ्ठीविना देणाऱ्या दुकानदाराने हे ध्यानी घ्यावे. प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या योगांवर भिस्त ठेवणेही तितकेच अनाठायी आहे. येथे श्वेतपेशींची उणीव नसते. उलट त्यांची गर्दीच पटलाला भोवते. आधी बुरशीचा नाश झाला पाहिजे. त्यासाठी व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि योग्य बुरशीनाशक थेंब देणे, हाच मार्ग. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील ३२३ रुग्णांवरील चाचणीत नॅटामायसिन हे औषध व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमच्या संसर्गात.

यात आयुर्वेदाला कमीपणा येतो, असे मला वाटत नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगताना कृष्णगत चार रोगांत सव्रण शुक्राची गणना केली. तो दृष्टीच्या जवळ नसला, खोल गेलेला नसला, स्राव व वेदना नसल्या, तरच कदाचित साध्य होतो, असा सावध निर्णयही त्यांनी दिला. सामावस्थेत अंजन करू नये, हा दंडकही आपलाच. साध्यासाध्यतेचा हा विवेक असणाऱ्या शास्त्राचे अनुयायी उघड्या व्रणावर मध, दूध, वनस्पतींचा रस किंवा निर्जंतुक नसलेले अंजन घालणार असतील, तर तो शास्त्राचाच अवमान होय.

तेव्हा शेतात डोळ्याला मार लागल्याचा इतिहास, ठणका, अंधुक दिसणे व काळ्या भागावर पांढुरका डाग, एवढे आढळताच कोणतेही थेंब न घालता त्याच दिवशी रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही अशा ग्राहकाला बाटली न देता हीच वाट दाखवावी. त्यात एका बाटलीची विक्री जाईल, पण एका कष्टकऱ्याची दृष्टी वाचेल.