मोडीचा सरळ व्यवहार

एखादी वस्तू, एखादी चाल, किंबहुना एखादा मनुष्यही आता उपयोगाचा उरला नाही असे वाटू लागले म्हणजे आपण त्याला ‘मोडीत काढतो’. बोलण्यात हा शब्दप्रयोग तुच्छतेचा झाला आहे. परंतु ज्या व्यवहारातून तो आला त्यात तुच्छतेचा लेशही नव्हता. फुटका तांब्या, चेपलेले घंगाळ, तळाशी झिजलेली कळशी ही मोड, आणि ती घेऊन तांबटाकडे जाणे हे घरातील जबाबदारीचे काम असे. आमच्या नाशिककर वाचकांस ह्या व्यवहाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. तांबट आळी व भांडी बाजार ही नावेच त्याची साक्ष देतात, आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरातही तांब्यापितळेच्या ह्या धंद्याचा उल्लेख आहे.

ह्या व्यवहारात जुने भांडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तराजूत पडे. कोठे डाख लावलेला असला तर त्याची घट धरली जाई; मोडीचा भाव ठरे; मग नवे भांडे वजन करून मधला फरक व घडणावळ रोख दिली की सौदा पुरा होई. जुने भांडे मुशीत जाऊन पुन्हा भांडेच होऊन बाहेर येई. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव घालण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. आज आपण तिला हौस म्हणतो. पण मोडीच्या दृष्टीने ती पावतीच होती. भांड्यावर नाव एकाचे आणि विकावयास आणणारा भलताच कोणी, असे दिसले म्हणजे दुकानदारास दोन प्रश्न विचारावयास जागा मिळे. सचोटीचा दुकानदार ते विचारी. सगळेच दुकानदार सचोटीचे होते असे आमचे म्हणणे नाही.

आता घरात तांब्यापितळेच्या जागी स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम आले. त्याखेरीज तारा, तोट्या, पंख्याच्या मोटारी, गाडीच्या बॅटऱ्या, बिघडलेली विजेची यंत्रे अशी धातूची नवी रास प्रत्येक घरात साचते. दिवाळीच्या आधी माळा झाडला जातो, रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी येते, आणि जे सापडेल ते त्याच्या हातगाडीवर घालून ‘अडगळ गेली एकदाची’ असा सुस्कारा टाकला जातो. वजन काय झाले, भाव कोणता लागला, माल पुढे कोठे जाणार, ह्यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. देणाऱ्याने विचारले नाही, म्हणून घेणाराही विचारीत नाही. आणि ही न विचारण्याची सवय त्याच्याकडून पुढच्या दुकानात जाते. आमच्या मते भंगाराच्या धंद्यातील पुष्कळशा अनर्थांचे मूळ ह्या अबोल व्यवहारात आहे.

सार्वजनिक नळाची पितळी तोटी नाहीशी होते. गटारावरील लोखंडी झाकण रात्रीतून उचलले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या भोकात एखाद्याचा पाय जातो. विजेच्या तारा तोडून, त्यांवरील आवरण उघड्यावर जाळून आतील तांबे काढले जाते, आणि त्याचा विषारी काळा धूर आसपासच्या झोपड्यांतील मुलांच्या छातीत भरतो. ही चोरी करणाऱ्याला ते झाकण आपल्या घरी ठेवावयाचे नसते. ते कोणी तरी न विचारता विकत घेणार, ह्या भरवशावरच तो हात घालतो. कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. चोरीचा माल आहे हे माहीत असता, किंवा तसे मानावयास कारण असता, तो अप्रामाणिकपणे घेणारा १८६० च्या दंड संहितेप्रमाणे अपराधी होताच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमातही तेच तत्त्व कायम आहे. रेल्वेच्या मालाविषयीचा १९६६ चा कायदा तर अधिक कडक आहे. रेल्वेचा चोरीचा वाटावा असा माल ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच तो आपल्याकडे सरळ मार्गाने आला हे दाखवून द्यावयाचे असते. नाशिकरोड व मनमाड येथील आमच्या विद्यार्थिमित्रांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. रुळाशेजारी पडलेला लोखंडाचा तुकडा कोणाचाच नाही असे वाटले, तरी तो कोणाचा तरी असतो. आणि नाणीसुद्धा, ती आपल्याच खिशातली असली तरी, वितळविण्यास २०११ च्या नाणेविषयक कायद्याने मनाई आहे.

आता आपल्या शहरातील मोठ्या प्रकरणाकडे वळू. सातपूर व अंबड येथे कारखाने वाढले, त्यांच्याबरोबर धातूचा कीस, कातरण व मोडकी यंत्रे वाढली, आणि अंबड-सातपूर जोडरस्त्यावर पत्र्यांच्या शेडांचा भलामोठा भंगार बाजार बसला. तो अनधिकृत होता. त्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी २०१७ मध्ये महानगरपालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो हटविला. बाजार पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा हटवावा लागला. आगी, धूर, रस्त्यावरची अडचण व चोरीच्या मालाचा संशय ह्यांनी त्रासलेल्या रहिवाशांचा राग आम्हांस समजतो. तथापि जे एकदा पाडून संपले नाही, ते केवळ दुसऱ्यांदा पाडल्याने कसे संपेल, हे कोणी सांगावे! शेड पाडता येते, लोखंड पाडता येत नाही. कारखान्यातून आज निघालेला कीस उद्या कोठे तरी तोलला जाणारच. उघड जागा नसेल तर तो आडोशाला तोलला जाईल, आणि आडोसा हाच तर चोराचा मित्र.

शिवाय हा धंदा नाहीसा व्हावा असे म्हणणे देशाच्या हिताचेही नाही. एक टन लोखंडी भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज व ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो, असे केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद-भंगार धोरणात सांगितले आहे. खनिजापासून ॲल्युमिनियम करण्यास जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात जुने ॲल्युमिनियम पुन्हा वापरण्याजोगे होते. आमच्याच राज्यात जालना शहरी भंगार वितळवून घरबांधणीच्या सळ्या करणारे कारखाने आहेत. सरळ मार्गाने झालेल्या विक्रीचे ठळक उदाहरण हवे असेल, तर ‘विक्रांत’ ह्या विमानवाहू युद्धनौकेचे घ्या. १९७१ च्या युद्धात गाजलेली ही नौका १९९७ साली निवृत्त झाली. तिचे संग्रहालय व्हावे म्हणून पुष्कळांनी खटपट केली. पण लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात ती तोडावयास घेतली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत उतरला. नौका तुटल्याची हळहळ आम्हांसही वाटते. पण तिचे काय झाले हे कोणासही विचारता येते आणि उत्तर मिळते.

असे उत्तर न मिळाले म्हणजे काय होते, हे २०१० साली दिल्लीने पाहिले. तेथील विद्यापीठाच्या रसायनशाळेत कित्येक वर्षे पडून असलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते यंत्र तोडले गेले, कित्येक माणसे आजारी पडली, आणि एक कामगार प्राणास मुकला. विकणारे सुशिक्षित होते. विकत घेणाऱ्यास आत काय आहे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. प्रयोगशाळेतील फुटक्या थर्मामीटरचा पारासुद्धा रद्दीत न टाकण्याची शिस्त शाळेतच लागली तर बरे.

सुदैवाने मोडीची जुनी रीत नव्या रूपाने परत येत आहे. गाडीची नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदारास परत दिली की किमतीत सूट मिळते; ही मोडच होय. जुनी मोटारगाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीस दिली, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तसे प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. गाडी गल्लीतल्या दुकानी तोडून टाकली, तर तिचा नोंदणी-क्रमांक व चासीचा क्रमांक भलत्याच्या हाती जाण्याचे भय राहते.

कोणी म्हणेल, की हातगाडीवाल्याकडे पावती मागणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उकिरड्यातून पत्रा वेचणारी बाई लिहिणारवाचणार कोठून? आणि संशय येतो तो नेहमी प्रथम तिच्यावर. शेडीत बसून न विचारता टनावारी माल घेणारा गृहस्थ मोकळा राहतो. पण ह्या प्रश्नास पुण्याने उत्तर दिले आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव प्रभृतींच्या पुढाकाराने तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढे कचरा वेचणाऱ्यांस महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ज्या बाईच्या गळ्यात असे ओळखपत्र आहे, तिला चोर म्हणून हाकलणे सोपे नसते. नाशिकच्या महानगरपालिकेने फेरीवाल्या भंगारवाल्यांसाठी हेच करावे, आणि मोठ्या व्यापाऱ्यांसाठी वस्तीपासून दूर, आगीचा बंदोबस्त असलेली परवान्याची जागा, प्रमाणित काटा व कोणी काय आणले ह्याची वही सक्तीची करावी. पालकांनी आपल्या दारात एवढेच करावे, की तराजू स्वतः पाहावा, भाव विचारावा, आणि माल कोणत्या दुकानी जाणार ते मुलांच्या समक्ष विचारून घ्यावे.