व्हिसा, साक्ष आणि तिसऱ्या बाकावरची आजी



गेल्या महिन्यात मराठी मिस्सा संपल्यावर नेहमीच्या घोषणा झाल्या आणि मग आपल्यातलेच एक कुटुंब साक्ष द्यायला वेदीसमोर आले. नवरा, बायको, दोन मुले आणि हातात चार पासपोर्ट. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात एका लहान गावी ते चालले आहेत. सात महिने नोव्हेना केली, शुक्रवार धरले, एजंटाने दोनदा हात वर केले, तिसऱ्यांदा देवाने दार उघडले, असे भाऊ म्हणाले. शेवटचे वाक्य असे होते की प्रभूने आम्हाला या नरकातून बाहेर काढले. टाळ्या पडल्या. आम्ही दोघांनीही वाजवल्या. तिसऱ्या बाकावर त्या भावाची आई बसली होती. तिने वाजवल्या नाहीत. ती चष्मा पुसत होती.

घरी येताना फाटकापाशी रिक्षा अडकली, तेव्हा सौ. म्हणाली, "नरक म्हणजे सचिन ना? मग आपण कोण?"

त्या भावाशी बोलूनच हे लिहीत आहोत. आधी ते रागावले, मग म्हणाले, "लिहा, पण तुमच्या कपाटातली फाईलही लिहा." तर लिहितो. आमच्याही कपाटात फाईल आहे. निळी, प्लास्टिकची, आयईएलटीएसच्या निकालासकट. सौ. नर्स आहे, म्हणून अर्ज तिच्या नावाने. आम्ही मराठी घेऊन बी.ए. झालो. रिंग रोडवरच्या एजंटाने आमच्या पदवीकडे एकदा पाहिले आणि ती हळूच फाईलच्या तळाशी सरकवली. याचे आम्हाला फार वाईट वाटले असेही नाही.

तेव्हा जाणाऱ्यांवर दगड उचलण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि आमचे भांडण जाण्याशी नाहीच. सचिनमध्ये राहणे ही काही भक्ती नव्हे. ६ जानेवारी २०२२च्या पहाटे टँकरमधले रासायनिक सांडपाणी इथल्या जीआयडीसीतल्या नाल्यात सोडताना वायू पसरला आणि शेजारच्या मिलमधले सहा कामगार गेले. वीसहून अधिक जण दवाखान्यात होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एका रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी सात जणांचे मृतदेह मिळाले. ६ जुलै २०२४ला पाली गावात कामगार कुटुंबांची इमारत कोसळली, त्यातही सात गेले. आपल्या रविवारच्या वर्गातल्या मुलांपैकी कितीजणांच्या दप्तरात इनहेलर असतो, हे आम्ही धर्मशिक्षक म्हणून रोज पाहतो. पावसाळ्याच्या तोंडी खाडीला जो वास सुटतो, त्याला आम्ही आता वास म्हणतसुद्धा नाही. अशा ठिकाणी एखाद्या बापाला वाटले की माझ्या लेकराने स्वच्छ हवेत झोपावे, तर त्याला लोभी म्हणणारा उपदेशक आधी आठ दिवस प्रोसेस हाउसच्या मागच्या गल्लीत झोपून बघो. हेरोदाच्या भीतीने योसेफाने रातोरात मुलाला मिसर देशात नेले, तेव्हा कोणी त्याला पळपुटा म्हटले नाही.

तिकडच्या शांततेची थट्टाही आम्ही करणार नाही. आमचे मेहुणे पाच वर्षांपासून त्याच बाजूला आहेत. त्यांचा मुलगा इथे असताना महिन्याला एकदा नेब्युलायझरवर असायचा. तिकडे गेल्यावर ते यंत्र उघडावेच लागले नाही. रात्री इतके शांत असते की फ्रिजचा आवाज मोठा वाटतो, असे ते सांगतात. आमच्या खिडकीखालून रात्रभर ट्रक जातात, म्हणून हे वाक्य आम्ही त्यांना दोनदा म्हणायला लावले होते.

आमचा विरोध आहे तो त्या साक्षीला. व्हिसा मिळाला, ही चांगली बातमी आहे. पेढे वाटा. पण व्हिसा हे प्रार्थनेचे उत्तर आहे असे वेदीसमोर उभे राहून म्हटले की एक गोष्ट घडते, जी म्हणणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. देवानेच दार उघडले, मग कर्ज किती झाले हे कोण विचारणार? आईचे काय, हे विचारणारा तर थेट देवाच्या योजनेत आडवा येणारा ठरतो.

मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांवर कशासाठी संतापला ते आठवा. आईबापांना द्यायचे होते ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिले आहे, असे एकदा म्हटले की मुलगा मोकळा. देवाचे नाव पुढे करून आईबापांची जबाबदारी टाळायची सोय धर्माने करून दिली होती, आणि त्या सोयीवरच प्रभूने बोट ठेवले. आपल्याकडे 'कुर्बान' हा शब्द कोणी वापरत नाही. आपण 'देवाची योजना' म्हणतो. फाईल टाकताना एजंटाकडे जायचे, टक्केवारी विचारायची, कुठल्या प्रांतात लवकर पीआर मिळते ते पाहायचे, सोने गहाण टाकायचे, हे सगळे आपण शहाण्या माणसासारखे करतो. मग शेवटी सही मात्र देवाची मारतो. आम्हाला हे खटकते.

आमच्या एजंटाच्या टेबलामागे उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले वचन चौकटीत लावले आहे. ख्रिस्ती गिऱ्हाईक आले की तो त्याकडे बोट दाखवतो : बघा, अब्राहामही देश सोडून गेला! (माणूस वैष्णव आहे, पण धंद्यात पक्का.) त्याला आम्ही काही बोललो नाही, तुम्हाला सांगतो. अब्राहामाला कुठे जायचे हे माहीत नव्हते. आपल्याला पिनकोडपर्यंत माहीत असते. आपले जाणे लोटासारखे असते. त्याने डोळे वर करून यार्देनेचे भरपूर पाण्याचे खोरे पाहिले आणि ते निवडले. त्यात पाप नव्हते. निवड त्याची होती, एवढेच. तिथल्या शेजाऱ्यांचा हिशेब त्याने केला नव्हता. पुढे सदोमातून निघतानाही डोंगराऐवजी जवळचे सोअर नावाचे लहानसे गाव त्याने मागून घेतले, देवाने ते दिलेही, आणि मग त्याला त्याच गावात राहायची भीती वाटली. मागितलेले लहान गाव मिळूनही माणूस गुहेत जाऊन राहिला, हा भाग साक्षीत कोणी सांगत नाही.

तेव्हा हिशेबाला बसू. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हे प्रभूनेच सांगितले आहे.

मुलाला शिकायला पाठवून मागून जाऊ म्हणणाऱ्यांसाठी : १ जानेवारी २०२४पासून कॅनडाने एकट्या विद्यार्थ्याच्या राहणीखर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेबारा लाखांच्या आसपास, आणि कॉलेजची फी वेगळी. त्याच वर्षी त्यांनी विद्यार्थी परवान्यांवर मर्यादाही घातली. दार देव उघडतो असे मानले, तर त्या वर्षी ते कोणी लोटले, हेही सांगावे लागेल. ओटावाच्या कचेरीतल्या टेबलावर परमेश्वराला बसवू नका.

आणि शांत गावाचे म्हणाल तर ते शांत का असते? माणसे नसतात म्हणून. मेहुण्यांच्या गावात बस नाही. गाडी घेतली तेव्हा दूध आणता आले. नोव्हा स्कॉशियाची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर, आणि २०२४ साली तिथे फॅमिली डॉक्टरसाठी नाव नोंदवून वाट पाहणारे लाखाच्या कितीतरी वर होते. इथे आपण उधन्याच्या डॉक्टरला शिव्या देतो, पण रात्री दहाला त्याचे शटर अर्धे उघडे असते. मेहुणे ज्या ख्रिस्तमंदिरात जातात तिथे रविवारी तीसेक माणसे असतात, बहुतेक सत्तरीपुढची. फादर केरळचे. मिस्सा संपली की जो तो गाडीत बसून जातो. पहिल्या नाताळात मेहुण्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल लावला आणि आपल्या गायनमंडळाने टिळकांची भजने म्हणायला घेतली, तेव्हा ते कॅमेऱ्यासमोरून उठून गेले. बर्फ साफ करायचा आहे म्हणाले. मागच्या खिडकीत बर्फ पडताना दिसत नव्हता.

त्यांची बायकोही नर्स. तिकडच्या परवान्याच्या परीक्षा अजून चालू आहेत, तोवर ती वृद्धाश्रमात मदतनीस आहे. तिथल्या आज्यांना भरवते, कुशीवर वळवते, केस विंचरते. प्रामाणिक काम आहे, पगारही बरा आहे. पण मेहुण्यांची आई आमच्याकडे असते. तिला सौ. भरवते, म्हणून तिकडची ती परक्या आज्यांना निर्धास्तपणे भरवू शकते. आता सौ.नेही तिकडे तेच काम धरले तर सासूबाईंना कोण भरवणार? आमच्या निळ्या फाईलमध्ये सतरा कागद आहेत. या प्रश्नाचा कागद त्यात नाही, आणि कुठल्याही वकिलातीने तो मागितलेलाही नाही.

देवाच्या नावाने गेलेल्या मराठी माणसांचे एक उदाहरण आपल्या ओळखीचे असायला हवे, पण आपल्या वर्गांत ते कोणी शिकवत नाही. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, रायगडकडचे शनवार तेली. घरात मराठी, शनिवारी घाणा बंद. १९४८नंतर ते इस्राएलला निघाले. त्यांच्याइतका देवाच्या वचनाचा आधार आपल्यापैकी कोणाला आहे? त्यांच्यासाठी तो खरोखर वचनदत्त देश होता. पोहोचल्यावर अनेकांना वाळवंटाकडच्या बेरशेबा, दिमोनासारख्या ठिकाणी वसवले गेले. भेदभाव होतो म्हणून १९५१-५२मध्ये त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काहींना खरेच परत आणले गेले. पुढे साठीच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी लावली. ती मागे घ्यायला १९६४ उजाडले आणि त्यासाठी मोठे आंदोलन करावे लागले. आज दिमोनात मराठी बोलणारी घरे आहेत, ती रुजली, त्यांचे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. पण वचनदत्त देशातसुद्धा आपली जागा भांडून मिळवावी लागली. मग नोव्हा स्कॉशियाला स्वर्ग म्हणताना आपण जरा थांबावे.

उलट बाजूही ऐका. सचिनमधल्या सहा मृत्यूंनंतर तेराच दिवसांनी, १९ जानेवारी २०२२ला, कॅनडा-अमेरिका सीमेवर इमर्सनजवळ बर्फात चार मृतदेह सापडले. गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे आईबाप, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. सीमा बारा-एक मीटरवर होती. ते चोरवाटेने जात होते, आपण कागदपत्रांनी जातो, फरक मोठा आहे. पण त्यांनाही कोणीतरी तिकडच्या स्वर्गाची गोष्ट सांगितलीच असेल. त्या आठवड्यात आपण जपमाळेला बसलो, तेव्हा सचिनच्या सहांसाठी एक दशक म्हटले आणि या चौघांसाठी एक. त्या रात्री राहणे बरे की जाणे बरे, यावर कोणी बोलले नाही.

आता 'नरक' या शब्दाकडे येतो, कारण आमचा राग अजून तिथेच आहे. आमचे वडील १९८१ साली नवापूरहून ताप्ती लाईनच्या गाडीने आले आणि मागावर लागले. त्यांना हा नरक वाटला नाही, कारण गावी वर्षातले चार महिने काम नसायचे. उधना, पांडेसरा, लिंबायत, सचिन इथली आपली बहुतेक घरे अशीच आली. म्हणजे आपण जाणाऱ्यांचीच मुले आहोत. मागे आमची आजी राहिली. वडील दर होळीला जायचे, पुढे तेही सुटले. तिच्या अखेरच्या दिवसांत तिला पाणी कोणी दिले हे आम्हाला माहीत नाही. वडिलांनी कधी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. नवापूर इथून काही तासांवर आहे.

सप्टेंबर १९९४मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो माणसे सुरत सोडून पळाली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी आम्हा भावंडांना गाडीत कोंबले आणि स्वतः मागे राहिले, कारण चाळीतल्या एका ओडिया कामगाराला ताप होता आणि त्याचे इथे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि ज्या शहराला लोक नाक मुरडत होते ते झाडून काढले गेले. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतचा पहिला नंबर आला. आमच्या खाडीला तो निकाल कोणी कळवलेला दिसत नाही, ते असो. पण झाडू मारणारे, गटारात उतरणारे, खाडीच्या वासाची तक्रार घेऊन जाणारे लोक इथे राहणाऱ्यांतलेच होते. त्यांच्यासमोर या गावाला नरक म्हणू नये, एवढी मर्यादा जाणाऱ्याने पाळावी.

आम्ही फादरांना दोन गोष्टी सुचवल्या आहेत. व्हिसाच्या साक्षी वेदीसमोर नकोत. जाणाऱ्या कुटुंबासाठी प्रवासाची प्रार्थना करू, डोक्यावर हात ठेवू, गायनमंडळ स्टेशनवर जाईल. आणि त्याच मिस्सात मागे राहणाऱ्यालाही पुढे बोलवावे आणि सगळ्यांसमोर विचारावे की औषध कोण आणणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, मिस्साला कोण आणणार. ज्यांची नावे येतील ती वहीत लिहावीत. पहिल्या गोष्टीवर फादर म्हणाले, लोक दुखावतील. दुसरीवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वही मागवली.

आमच्या फाईलची पुढची फी पंधरा तारखेपर्यंत भरायची आहे. सासूबाईंना आम्ही परवा प्रथमच सरळ विचारले, तुम्हाला काय वाटते. इतके दिवस विचारले नव्हते, प्रार्थना मात्र रोज करत होतो. त्या म्हणाल्या, "पोरांची छाती चांगली राहणार असेल तर जा." मग थोड्या वेळाने, "मला नवापूरला सोडा, इथे एकटी नको." आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. अजून काही ठरलेले नाही.

ते कुटुंब येत्या गुरुवारी निघते आहे. वहीत आजीच्या नावापुढे पहिले नाव आमचे आहे. शनिवारी तिला डोळ्यांसाठी सिव्हिलला न्यायचे आहे, रिक्षा साडेसातला सांगितली आहे.